दुसऱ्या अंकातला वारा

दादांनी भिरकावलेला चहाचा पेला माझ्या कानाजवळून गेला आणि मागच्या भिंतीवर आपटून खाली गडगडला. चहा माझ्या ओढणीवर उडाला, सिंथेसायझरच्या पट्ट्यांवर उडाला. मी आधी पट्ट्या पुसल्या, मग मान.

“हा वारा आहे?” दादा ओरडले. “कुकर आहे हा, कुकर! आता शिट्टी होईल आणि डाळ शिजेल. मला या वाऱ्याने घर उडवायचंय. पुन्हा वाजव!”

मी पुन्हा वाजवला. पुन्हा तोच कुकर. या वेळी त्यांनी खुर्ची लाथाडली.

जुन्या नाशकात, गोदावरीकडे उतरणाऱ्या एका बोळात कुस्तीची तालीम होती आणि तिच्या माडीवर आमच्या नाटकाची तालीम चालायची. खाली पोरं शड्डू ठोकत, वर आम्ही संवाद घोकत असू. दादा चिडले की खालचे शड्डू थांबायचे. सगळे वर कान लावून ऐकत राहायचे. तालमीचे वस्ताद एकदा मला जिन्यात म्हणाले, “एवढी आदळआपट तर आमच्याकडं पण नाय होत, ताई.”

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली. मी तेव्हा पंचविशी ओलांडलेली, लग्न न झालेली, नाशिकरोडला एका खोलीत मुलींना पेटी आणि कीबोर्ड शिकवणारी. लग्नसराईत ऑर्केस्ट्रात वाजवायचे. माझा सिंथेसायझर जुना होता. वडील मनमाडला रेल्वेत होते. तिथला एक ऑर्केस्ट्रा मोडला तेव्हा त्यांनी तो घेतला आणि गोधडीत गुंडाळून पॅसेंजर गाडीने घरी आणला. त्यात नव्या कीबोर्डसारख्या तयार चाली नव्हत्या. बासरी, सनई असं लिहिलेली बटणंही नव्हती. नुसते फिरवायचे खुंटे होते, ओळीने. कुठलाही आवाज स्वतः घडवावा लागे. घरच्यांना वाटलं, बिघडलेलं यंत्र गळ्यात मारलंय. मला मात्र त्याने वेड लावलं. तासन्‌तास मी ते खुंटे फिरवत बसे.

दादा आमच्या हौशी नाटकमंडळाचे सर्वेसर्वा. सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर कामाला होते. उंच, रुंद, हाताचे पंजे फळीसारखे. नट म्हणून ते खरंच मोठे होते, हे आजही मी नाकारणार नाही. रंगमंचावर आले की नजर दुसरीकडे जात नसे. त्यांच्या रागाबद्दल सगळे म्हणत, “कलावंत माणूस आहे, चालायचंच.” मीही म्हणायची.

त्यांची बायको, आमच्या वहिनी, सटाण्याच्या पलीकडच्या एका खेड्यातली. हौशी नाटकात काम करायला बायका मिळत नसत, म्हणून दादांनी त्यांना उभं केलं होतं. सडपातळ अंगाची, कमी बोलणारी बाई. पण संवाद म्हणायला लागली की शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचत, आणि त्यासाठी तिला ओरडावं लागत नसे. एरवी त्या आमच्यासारखंच शहरी मराठी बोलत. माहेरची अहिराणी मी त्यांच्या तोंडून तोवर ऐकली नव्हती.

त्या वर्षीच्या स्पर्धेसाठी दादांनी स्वतः नाटक लिहिलं. पेठच्या बाजूच्या डोंगरातलं एक झोपडं, त्यात नवरा-बायको, आणि बाहेर वादळ. नवऱ्याला बायकोचा संशय असतो. पहिल्या अंकात वारा लांब असतो, दुसऱ्या अंकात तो झोपड्यावर चाल करून येतो, नवरा बायकोला मारतो आणि शेवटी छप्पर उडून जातं. नवरा दादा, बायको वहिनी. “वारा आणि नवरा एकाच वेळी आत शिरले पाहिजेत,” असं ते म्हणत. म्हणून त्यांना कॅसेटवरचा वारा नको होता. दृश्य जसं चढेल तसा चढणारा, जागच्या जागी वाजवलेला वारा हवा होता.

वारा कसा करायचा हे मला तोंडओळखीपुरतं माहीत होतं. टीव्हीवरचा कार्यक्रम संपून पडद्यावर नुसत्या मुंग्या उरल्या की जो खरखराट येतो, तसा एक आवाज सिंथेसायझरमध्ये असतो. त्यात सगळे सूर एकत्र कालवलेले असतात, म्हणून सूर असा कुठलाच लागत नाही. तो आवाज फिल्टरमधून, म्हणजे गाळणीतून, सोडायचा. गाळणीचा खुंटा उजवीकडे नेला की धारदार सळसळ, डावीकडे आणला की खोल घुमणं. खुंटा हळूहळू फिरवत राहिलं की वारा वाहतोय असं वाटतं. मी तेवढंच करत होते, आणि त्याचाच कुकर होत होता.

“तू वारा ऐकलाच नाहीस,” दादा त्या दिवशी शेवटी म्हणाले. “शहरात काय वारा असतो? चल, तुला दाखवतो.”

दादांच्या कारखान्यात पेठकडचा एक हंगामी कामगार होता. मे महिन्यात तो आपल्या पाड्यावर गेला होता. आम्ही तिघं, दादा, वहिनी आणि मी, एसटीने पेठच्या अलीकडे उतरलो आणि डोंगराच्या कडेने चालत त्याच्या घरी पोचलो. कुडाच्या भिंती, वर अर्धे पत्रे, अर्धी कौलं. शेजारी शेळ्यांचा गोठा आणि त्यावर झुकलेलं मोहाचं झाड. त्याच्या बायकोने आम्हाला नागलीची भाकरी आणि आमटीसारखं उडदाचं भुजं वाढलं. माझ्याकडे ऑर्केस्ट्रातल्या एकाचा टेपरेकॉर्डर होता. सकाळभर पान हललं नाही. दुपारी जेवणं झाल्यावर पश्चिमेकडचा डोंगर काळा पडला, तेव्हा मी टेपरेकॉर्डर सुरू करून खिडकीत ठेवला.

वारा आधी दिसला, मग ऐकू आला. समोरच्या टेकडीवरचं गवत एकदम झोपलं. मग धूळ उठली आणि एक पत्रा, आमच्या घराचा नव्हे, कुणाचा तरी, हवेत गरगरत आला आणि अंगणातल्या दगडावर आपटून दुमडला. त्या बाईने मुलं आत ढकलली आणि दार लावलं. दाराला आतून कडी नव्हती, नुसता लाकडी अडणा होता, आणि तो पहिल्याच झोताला निखळला.

“पाठ लावा, बाय!” ती ओरडली. “दार गेलं तं घर गेलं!”

आम्ही तिघी बायका दाराला पाठ लावून बसलो, पाय जमिनीत रोवून. घराचा मालक वासे धरून लोंबकळत होता, छप्पर उचललं जाऊ नये म्हणून. दार छातीत धडक मारावी तसं पाठीत मारत होतं. कौलं एकामागून एक फुटत होती. बाहेर काहीतरी मोठं कडाडलं आणि त्यापाठोपाठ शेळ्यांचं ओरडणं ऐकू आलं.

दादा खिडकीच्या भोकाशी उभे होते. त्यांचे डोळे चमकत होते, तोंड उघडं होतं. ते हसत होते.

“अहो!” वहिनी ओरडल्या. “इकडे या! दार धरा!”

दादांनी ऐकलं नाही. वहिनींनी पुन्हा हाक मारली. तेव्हा दादा वळले, दोन ढांगांत आले आणि त्यांनी वहिनींच्या तोंडात मारली. पुरा हात मागे नेऊन. “ऐकू दे मला!” असं ते म्हणाले असावेत, ओठ तसे हलले. शब्द ऐकू आले नाहीत. थप्पडही ऐकू आली नाही. टीव्हीचा आवाज बंद केल्यावर दिसतं तसं नुसतं दिसलं. वहिनींचं डोकं दारावर आपटलं, त्यांनी ते सरळ केलं आणि पाठ आणखी जोराने दाराला लावली. कारण दार सोडून चालणार नव्हतं.

वारा गेला तेव्हा मोहाचं झाड गोठ्यावर आडवं पडलं होतं. दोन शेळ्या जागच्या जागी मेल्या होत्या. तिसरीचा कणा मोडला होता. ती पुढचे पाय मारत सरपटत होती आणि मागचा भाग ओढला जात होता. घराच्या मालकाने तिच्याकडे थोडा वेळ पाहिलं, कोयता आणला आणि एका घावात तिला सोडवलं. त्याची बायको मोठ्याने रडली नाही. तिने ओच्यात फुटकी कौलं गोळा करायला घेतली. वहिनी तिच्याबरोबर वाकून कौलं उचलू लागल्या. त्यांच्या गालावर चार बोटं उठली होती. परतीच्या एसटीत दादा माझ्या शेजारी बसून सारखे विचारत होते, “ऐकलास ना? आता करशील ना?”

घरी येऊन मी टेप लावली. तिच्यात वारा नव्हताच. नुसती भदभद होती, कुणी माइकवर उशी आपटावी तशी. वारा माइकवरच आदळला होता. मी ती टेप पुन्हा पुन्हा ऐकली आणि हळूहळू उमगलं की वाऱ्याला स्वतःचा आवाज नसतोच. पत्र्यावर आपटला की पत्र्याचा, फटीतून घुसला की फटीचा, झाडात शिरला की पानांचा. मी इतके दिवस नुसता वारा करायला बघत होते. करायला हवं होतं ते घर.

मग मी घर बांधायला घेतलं. खोल घुमणाऱ्या आवाजाखाली दोन सूर लावले, एकमेकांपासून जरा सरकवलेले, म्हणजे ते एकमेकांशी भांडत राहतील, ते छप्पर. गाळणीपाशी आणखी एक खुंटा असतो, तो चढवला की खरखराटातून शिट्टी वर येते. ती दाराची फट. खालच्या पट्ट्यांवर खरखराटाचे तुटक फटके बसवले, ते पत्रे. सिंथेसायझरमध्ये आवाज आपोआप वरखाली करणारी सोय होती, पण ती घड्याळासारखी चाले आणि कानाला लगेच कळे. म्हणून सगळं हातानेच. डावा हात गाळणीवर, उजवा शिट्टीवर आणि पट्ट्यांवर, पाय आवाजाच्या पेडलवर. मोठा झोत येण्याआधी वारा क्षणभर दबतो, हे मी पाड्यावर पाठीने शिकले होते. ते दबणं जमलं आणि वारा खरा झाला. आमच्या आईने पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती गच्चीवरचे पापड आणायला धावली.

तालमीत वाजवला त्या दिवशी खालची पोरं जिन्यात येऊन उभी राहिली. दादांनी डोळे मिटले होते. ते मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, “दुसरा अंक घ्या.”

दुसऱ्या अंकातली मारहाण तोवर नाटकातली होती. हात गालाजवळून जायचा, वहिनी मान वळवायच्या, विंगेतून कुणी टाळी वाजवून थपडेचा आवाज द्यायचा. त्या दिवसापासून दादांनी टाळी बंद केली. “असल्या वाऱ्यासमोर खोटं टिकणार नाही,” ते म्हणाले. त्यांनी खरं मारायला सुरुवात केली. आधी एक थप्पड. मग दोन. मग केस धरून ओढणं, मग ढकलणं. रोज वाऱ्याबरोबर ते चढत गेलं. नटमंडळी जमिनीकडे बघत. एकजण म्हणाला, “दादा, जरा सांभाळून,” तर त्याची भूमिका दुसऱ्या दिवशी कापली गेली.

एका संध्याकाळी तालीम संपल्यावर वहिनी मागच्या मोरीवर तोंड धूत होत्या. मी पाणी ओतत होते. त्यांनी ब्लाउजची बाही वर केली तेव्हा दंडावर काळेनिळे वळ दिसले. काही जुने, पिवळे पडलेले.

“वहिनी, हे नाटकातलं नाही,” मी म्हटलं.

“काही नाटकातलं आहे, काही घरचं,” त्या म्हणाल्या. “आता वेगळं काढता येत नाही.”

“तुम्ही काम सोडा. मी सांगते त्यांना.”

त्या पाणी झटकत उभ्या राहिल्या. “काम सोडून जाऊ कुठे? घरीच ना? ऐक, तुला एक सांगते. घरी मारतात तेव्हा शेजारी ऐकतील म्हणून हात आखडता घेतात. इथे तुझ्या वाऱ्यात कुणालाच ऐकू येत नाही. इथे मोकळा हात असतो त्यांचा.”

हे त्या तक्रारीच्या सुरात बोलल्या नाहीत. पण मला माझेच हात नकोसे झाले.

दुसऱ्या दिवशी मी त्या दृश्यात वारा खाली आणला. दादांचा हात वरच थांबला. ते माझ्याकडे आले. “आवाज का पडला?”

“एवढ्या आवाजात संवाद बुडतात,” मी म्हटलं.

त्यांनी माझं मनगट धरलं आणि पिरगळलं. पट्ट्या एकदम दाबल्या गेल्या आणि सिंथेसायझर किंचाळला. “मॅडम, संवाद माझे आहेत. बुडू देत. तू वारा दे,” ते म्हणाले आणि हात सोडताना हसले. मनगट आठवडाभर सुजलं होतं. आईला मी जिन्यावरून पडल्याचं सांगितलं. मंडळ सोडून द्यावं असं मनात आलं. पण मी गेले तर दादा कॅसेट लावतील, आणि मग त्या दृश्यात वहिनींबरोबर कुणीच नसेल, असंही वाटलं. मी राहिले.

स्पर्धेतला आमचा प्रयोग रविवारी सकाळी होता. नाट्यगृह बऱ्यापैकी भरलं होतं. कारखान्यातले लोक होते, नातेवाईक होते, वस्ताद तालमीतल्या पोरांना घेऊन तिसऱ्या रांगेत बसले होते. मी उजव्या विंगेत, सिंथेसायझर मांडून. पहिला अंक छान गेला. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला मी वारा उचलला तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका बाईने पदर डोक्यावरून घेतला. मी ते पाहिलं आणि कबूल करते, त्या क्षणी मला अभिमान वाटला.

मग ते दृश्य आलं. दादांनी पहिली थप्पड मारली. दुसरी मारली. वहिनी ठरल्याप्रमाणे चुलीपाशी पडल्या. तिथून त्यांनी एक वाक्य म्हणायचं होतं, त्यानंतर दादा दाराकडे जाणार होते. दादांनी ते वाक्य म्हणूच दिलं नाही. त्यांनी केस धरून वहिनींना उठवलं आणि मारत राहिले. तोंडावर, कानावर, मानेवर. वहिनींची भुवई फुटली, रक्त डोळ्यात उतरलं. त्या काहीतरी म्हणत होत्या आणि ते नाटकातलं नव्हतं. माझा वारा त्यावरून जात होता. विंगेत उभा असलेला पडदा ओढणारा गडी माझ्याकडे बघायला लागला.

मी काही ठरवलं नव्हतं. मी गाळणीचा खुंटा मुळापर्यंत फिरवला आणि पेडलवरचा पाय उचलला. वारा थांबला. सगळ्या नाट्यगृहात एकदम शांत झालं.

त्या शांततेत पुढची थप्पड पडली. ओल्या कपड्यावर धोपाटणं मारावं तसा तिचा आवाज आला, आणि त्यापाठोपाठ वहिनींचा: “नका हो, डोळा गेला माझा.”

दादा विंगेकडे वळले. “वारा!” ते ओरडले. “वारा दे!” सगळ्या लोकांसमोर, नाटकाच्या मध्यात. मी दोन्ही हात पट्ट्यांवरून काढून मांडीवर ठेवले. त्यांनी माझ्याकडे बघतच वहिनींना आणखी एक मारली.

प्रेक्षकांतून एक म्हातारा, चिरका आवाज आला, “अरे, खरं मारतोय तो! धरा कुणीतरी!”

चुलीशेजारी मुसळ उभं केलेलं होतं. त्या पेठकडच्या घरातूनच आणलं होतं, खरं, लाकडी, खाली लोखंडी कडं, म्हणजे वसवी, बसवलेलं. वहिनींनी ते दोन्ही हातांनी उचललं. “आते बस व्हयनं!” त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून अहिराणी मी पहिल्यांदा तेव्हा ऐकली. “मना आंगले हात लावू नको!”

दादांनी हात पुढे केला. मुसळ त्यांच्या खांद्यावर आलं. हाड मोडल्याचा आवाज विंगेपर्यंत आला. ते गुडघ्यावर बसले. वहिनींनी मुसळ पुन्हा उचललं होतं, पण मारलं नाही. तसंच धरून उभ्या राहिल्या. कुणीतरी “पडदा, पडदा!” म्हणून ओरडलं आणि गड्याने पडदा पाडला.

पडद्यामागे दादा उठले. डावा हात लोंबत होता. ते वहिनींकडे गेले नाहीत, माझ्याकडे आले. उजव्या हाताने त्यांनी सिंथेसायझर स्टँडसकट खेचला. तो जमिनीवर पडला आणि पट्ट्या दातांसारख्या उडाल्या. मग त्यांनी मला मारलं. मुठीने. माझा ओठ फाटला, मी पेटाऱ्यावर कोसळले, तोंडात रक्ताची चव आली. त्यांनी पुन्हा हात उगारला तोच मागून वस्ताद आले. साठीचा माणूस, धोतर खोचलेलं. त्यांनी दादांची कंबर धरली, उचललं आणि खाली घातलं, आणि छातीवर गुडघा देऊन बसले. “बस झालं, पहिलवान,” ते म्हणाले. मोडलेल्या खांद्यामुळे दादा गुरासारखे ओरडत होते.

पोलीस चौकीत आम्ही दोघी तशाच गेलो. वहिनींच्या अंगावर नाटकातलं फाटकं लुगडं, तोंडाला रंग, त्यात रक्त. तिथला हवालदार गोंधळला.

“नाटकात मारलं का खरं मारलं?” त्याने विचारलं.

“खरं,” मी म्हटलं.

“पण स्टेजवर ना? मग नाटकातच झालं की. नवरा-बायकोचा मामला आहे, त्यात नाटक. काय लिहू मी?”

वहिनी टेबलावर हात ठेवून उभ्या राहिल्या. “मुसळ मी खरं मारलंय. खांदा मोडलाय त्यांचा. ते लिहा आधी. मग ते का मारलं, ते आपोआप लिहावं लागेल.”

हवालदाराने पेन उचललं.

त्याच दिवशी ऊन उतरायच्या आत मी त्यांना सीबीएस स्टँडवर सटाण्याच्या एसटीत बसवलं. भुवईला टाके होते. माझा ओठ सुजल्यामुळे मला नीट बोलता येत नव्हतं. त्यांनी खिडकीतून माझ्या गालाला हात लावला. “तुझ्या पेटीचं वाटोळं झालं गं,” एवढंच म्हणाल्या.

स्पर्धेत आमचा प्रयोग अपूर्ण म्हणून बाद झाला. मंडळ मोडलं. गावात बरंच बोललं गेलं. नवऱ्यावर मुसळ उगारणारी बाई म्हणून काहींनी वहिनींना नावं ठेवली, आणि मला, चालू प्रयोग पाडला म्हणून. ऑर्केस्ट्रावाल्यांनी काही महिने मला बोलावलं नाही. वहिनींचं कोर्टातलं प्रकरण वर्षानुवर्षं रेंगाळलं. दादांनी भाऊबंदांकरवी निरोप पाठवले, धमक्या पाठवल्या. एकदा सटाण्याला जाऊन वहिनींच्या भावाच्या दारात दगडफेक केली, तेव्हा भावाने आणि गल्लीतल्या लोकांनी त्यांना बदडून एसटीत घातलं. शेवटी सोडचिठ्ठी झाली. वहिनी अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागल्या. अधूनमधून माझ्याकडे यायच्या. उजव्या कानाने त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून मी त्यांच्या डाव्या बाजूला बसायची. त्या हसऱ्या होत्या, हे मला त्या काळात कळलं.

सिंथेसायझर दुरुस्त केला, पण तो पूर्वीसारखा झाला नाही. दोन हजारच्या पुढे मी कॉम्प्युटर घेतला. शाळांची स्नेहसंमेलनं, आकाशवाणीसाठी होणाऱ्या श्रुतिका, असं काम यायला लागलं. कॉम्प्युटरवर वारा तयार मिळतो. हलका, मध्यम, वादळी. मी तो वापरत नाही. खरखराट घेते, गाळणी लावते आणि हाताने फिरवते.

अशाच एका दुपारी, माझ्या क्लासमध्ये सात-आठ मुली बसल्या असताना, दारात दादा उभे राहिले. केस पांढरे झाले होते, डावा खांदा खाली उतरलेला, हातात काठी. मी त्यांना ओळखलं, पण “या” म्हटलं नाही.

“नवं नाटक बसवतोय,” ते म्हणाले. “वारा लागेल.”

“मी नाही करणार.”

“तसा वारा दुसरं कुणी करत नाही.”

“माहीत आहे. नाही करणार.”

त्यांनी मुलींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आवाज चढला. “माझं सगळं तू संपवलंस. खांदा, संसार, नाटक. एक वारा बंद केलास आणि!”

“तुम्ही इथून जा,” मी म्हटलं. “नाहीतर मी पोलिसांना फोन करते.” मी रिसीव्हर उचलला.

त्यांनी काठी उगारली. मी जागची हलले नाही. मागे मुली होत्या. काठी दाराच्या काचेवर आली. काच फुटून आत पसरली, एका मुलीने किंकाळी फोडली. त्या आवाजाने समोरच्या पिठाच्या गिरणीतली माणसं बाहेर आली आणि रस्ता ओलांडायला लागली. दादा त्यांच्याकडे बघून वळले आणि काठी टेकत, भिंतीच्या कडेने निघून गेले. पोलीस आले, मी पुन्हा एकदा सगळं सांगितलं. त्यांनी दादांना गाठून समज दिली. त्यानंतर ते माझ्याकडे आले नाहीत. नाटक बसवलं की नाही, मला माहीत नाही.

मी मुलींना चपला घालायला लावल्या आणि काच झाडून काढली. किंकाळी फोडलेली मुलगी रडत होती. तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला.

“मॅडम, ते कोण होते?” तिने विचारलं.

“बायकोला मारायचे,” मी म्हटलं. “मलाही एकदा मारलं.”

“मग?”

“मग तिने त्यांना मारलं.”

दुसऱ्या एकीने विचारलं, “जोरात?” मी “हो” म्हटलं, आणि जिची पाळी होती तिला पेटीवर बसवलं.